शिकवणी फक्कड, नोट्स भिकार

बेळगावच्या टिळकवाडीत रविवारी सकाळी फौजदारी कायद्याचा एक वर्ग भरतो. जाहिरातीत विषय भलताच लांबलचक छापलाय: कॉमन लॉ आणि सिव्हिल लॉ पद्धतींतल्या फौजदारी न्यायाची तुलना. म्हणजे एक इंग्लंडकडची पद्धत, दुसरी फ्रान्स-जर्मनीकडची. फी अडीच हजार. वर्गाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण खाली थोडं वाकडंही बोलायचं आहे आणि सरांशी माझं काही वैर नाही. ज्यांना जायचंय त्यांना कोर्टाच्या आवारात कुणीही सांगेल.

मी वकील नव्हे. खानापूर आणि बेळगावच्या फौजदारी कोर्टांत बेंच क्लार्क म्हणून माझी नोकरी झाली. फाईल पुढं ठेवायची, मुद्देमालावर नंबर घालायचे, तारखा सांगायच्या. वर्गात बाकी सगळी ज्युनियर वकिलांची पोरं. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, “काय मामा, आता सनद घ्यायचा इचार हाय काय?” म्हटलं, “नाही रे बाबा, जन्मभर जे बघितलं ते दुसरीकडं कसं चालतं तेवढं बघतो.”

सर गोव्याचे, मडगावकडचे. मराठी बोलतात, मध्येच कोकणी डोकावते. सुरुवात त्यांनी लंडन-पॅरिसवरून केली नाही, बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ला घाटावरून केली, आणि तिथंच माझे निम्मे पैसे वसूल झाले. 1961 पर्यंत घाटाच्या वरच्या अंगाला मेकॉलेच्या मसुद्यातून आलेली 1860 ची दंडसंहिता आणि खालच्या अंगाला 1886 ची पोर्तुगीज दंडसंहिता. आमच्या हिंडलग्याच्या जेलात फाशीचा खांब आहे. पोर्तुगालनं मात्र साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी 1867 मध्येच रद्द केली आणि 1884 मध्ये जन्मठेपही काढून टाकली. तिथं आज जास्तीत जास्त शिक्षा 25 वर्षं. अबू सालेमचं प्रकरण याच गोष्टीवर अडलं होतं. 2002 मध्ये लिस्बनला सापडलेला हा माणूस 2005 मध्ये भारताच्या ताब्यात मिळाला, तो फाशी देणार नाही आणि 25 वर्षांहून जास्त डांबणार नाही अशी हमी लिहून दिल्यावर. 2017 मध्ये त्याला जन्मठेप झाली, पण 25 वर्षं भरल्यावर सरकारनं ही हमी पाळली पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये सांगितलं. पेपरात हे मी वाचलं होतं. मुंबईच्या बॉम्बस्फोटातल्या आरोपीची शिक्षा परक्या मुलखातल्या दंडसंहितेनं कशी बांधली गेली, ते मात्र या वर्गात उमगलं.

(सिव्हिल लॉ म्हणजे इथं दिवाणी दावे नव्हेत, रोमन कायद्यातून निघालेली फ्रान्स, जर्मनी, पोर्तुगालकडची पद्धत. पहिल्या रविवारी दोघं दिवाणीचे वकील चुकून येऊन बसले होते, चहा पिऊन गेले.)

या विषयावर बोलणारे बहुतेक लोक ज्युरीपाशी अडकतात. इंग्लंडात ज्युरी, फ्रान्समध्ये न्यायाधीश, संपलं. सर तसे अडकले नाहीत. त्यांनी सगळा भर फाईलवर दिला, म्हणून मला ते पटले.

आमच्याकडं काय होतं बघा. पोलीस साक्षीदाराचा जबाब घेतात, चार्जशीटला जोडतात. पण तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. साक्षीदारानं पिंजऱ्यात उभं राहून जे सांगितलं तोच पुरावा. जबाबाचा उपयोग काय तर साक्षीदार फिरला की “तू पोलिसांना असं सांगितलं होतंस ना?” म्हणून त्याला खोडायला. पंच येतो आणि म्हणतो, “सही माझीच हाय साहेब, पण कागदात काय लिवलंय ते ठावं न्हाई.” झालं. एपीपी, म्हणजे सरकारी वकील, त्याला फितूर ठरवून उलटतपास घेतात, तो “खोटं हाय, खोटं हाय” म्हणत राहतो, आणि जाडजूड फाईल न्यायाधीशांच्या पुढ्यात असूनही तिच्यातलं काही धरता येत नाही. पोलिसांपुढची कबुली तर कोर्टात चालतच नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 25 आम्हाला तोंडपाठ होतं.

फ्रान्समध्ये भारी गुन्ह्याचा तपास तपास-न्यायाधीशाकडं जातो. पोलीस त्याच्या हुकमानं काम करतात. आरोपीच्या विरुद्धचं आणि बाजूचं, दोन्ही शोधणं त्याच्यावर बंधनकारक. सगळं एका फाईलमध्ये साठतं आणि ती फाईल आरोपीच्या वकिलालाही बघायला मिळते. खटल्याच्या दिवशी मुख्य न्यायाधीश ती वाचून आलेला असतो. प्रश्न आधी तोच विचारतो, वकील नंतर. आरोपीनं गुन्हा कबूल केला म्हणून असल्या भारी गुन्ह्याची सुनावणी टळत नाही. ज्याचं नुकसान झालं तो माणूसही आपला वकील देऊन त्याच खटल्यात बसतो आणि भरपाई मागतो. आमच्या फिर्यादीच्या वाट्याला काय येतं? कोर्टाबाहेरचं बाकडं आणि पुढची तारीख.

सरांनी सांगितलेली एक गोष्ट मी घरी जाऊन दोनदा सांगितली. फ्रान्समध्ये सगळ्यांत भारी गुन्हे चालतात त्या असीझ कोर्टात तीन न्यायाधीश आणि सहा सामान्य नागरिक एकत्र बसून निकाल ठरवतात. आत जाण्याआधी मुख्य न्यायाधीश हुकूम देतो की फाईल कोर्टाच्या क्लार्कच्या हवाली करा. आत न्यायची नाही, कानांनी जे ऐकलं त्यावरच ठरवायचं. म्हणजे सगळा खटला जिच्यावर उभा, ती फाईल ऐन वेळी आमच्यासारख्याच्या हातात! आणि आतल्या खोलीत मोठ्या अक्षरांत कायद्याचं एक कलम लावलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की किती साक्षीदार पाहिजेत, कुठला पुरावा किती वजनाचा, हे कायदा तुम्हाला विचारत नाही. तुमची आतून खात्री पटली आहे का, एवढंच विचारतो.

एका पोरानं लगेच हात वर केला, “सर, मग हीच पद्धत आणूया की आपल्याकडं.” सरांनी ऊत्रोचा खटला काढला. उत्तर फ्रान्समधलं गाव, मुलांवरच्या अत्याचाराचं प्रकरण. तरुण तपास-न्यायाधीश एका बाईच्या जबानीवर विसंबला. सतरा जण आरोपी, त्यातला मोठा भाग दीर्घकाळ कोठडीत, आणि 2005 अखेर त्यातले तेरा जण निर्दोष सुटले. फाईल तयार करणाऱ्याचीच नजर एकदा बिघडली की पुढं ती दुरुस्त करायला फारसं कुणी नसतं. जर्मनीनं तर तपास-न्यायाधीशाचं पदच 1975 मध्ये मोडीत काढलं आणि तपास सरकारी वकिलाकडं दिला. इटलीनं 1988 चा नवा कायदा करून वकिलांच्या सवाल-जबाबाची पद्धत बरीचशी उचलली. माझं मत विचाराल तर फितूर साक्षीदारावर फ्रान्सचं औषध मोठं आहे, पण ज्या देशात तपासणारा माणूस बदली आणि फोन यांच्या धाकात असतो तिथं एकाच माणसाच्या हाती सगळी फाईल द्यायला मी तयार नाही. पिंजऱ्यातला गोंधळ परवडला. तिथं निदान सगळ्यांच्या देखत खोटं बोलावं लागतं.

इंग्लंडची गंमतही सरांनी छान रंगवली. कॉमन लॉचं माहेर ते, पण तिथं आजही एकसंध दंडसंहिता नाही. खुनाची व्याख्यासुद्धा जुन्या निकालांतूनच चालत आली आहे. आमचा 1872 चा पुरावा कायदा लिहिणाऱ्या स्टीफननं पुढं इंग्लंडसाठी संहितेचा मसुदा केला, तो तिथं पडला आणि कॅनडानं 1892 मध्ये उचलला. आणि मेकॉलेनं आमच्यासाठी मसुदा करताना फ्रेंच संहितेकडंही बघितलं होतं. तेव्हा आम्ही शुद्ध कॉमन लॉवाले आहोत असं छाती काढून सांगणाऱ्या वकीलसाहेबांनी एखादा रविवार इथं काढावा.

आता वाकडं. भारताचा भाग सरांनी शेवटच्या तासात गुंडाळला. न्यायाधीशाला हवा तो प्रश्न विचारायची मुभा देणारं जुन्या पुरावा कायद्याचं कलम 165, आणि सरकारी पुरावा संपल्यावर आरोपीला शपथ न घालता न्यायाधीश स्वतः विचारतो ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम तीनशे तेरा, ही दोन्ही आमच्याच कायद्यातली, फ्रान्सच्या वाटेनं चार पावलं जाणारी. त्यावर मिळून दहा मिनिटंही नाहीत. तीनशे तेराचे प्रश्न मी टाईप होताना बघितलेत. “याबाबत तुमचं काय म्हणणं?” “खोटं आहे.” असे तीस-चाळीस. हे कागदावरचं कलम प्रत्यक्षात कसं वाळून गेलंय, यावर गोव्याच्या आणि बेळगावच्या माणसांनी मिळून दोन तास बोलायला हवं होतं.

त्याहून मोठी चूक म्हणजे मळीमठ समितीचा उल्लेखच नाही. कर्नाटक हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश व्ही. एस. मळीमठ यांच्या समितीनं 2003 च्या अहवालात नेमकी हीच तुलना मांडली होती. सत्य शोधणं हे कोर्टाचं कर्तव्य म्हणून कायद्यात लिहा, न्यायाधीशाला जास्त पुढाकार द्या, वाजवी संशयापलीकडच्या पुराव्याची अट थोडी खाली आणा, असं तिचं म्हणणं. शेवटच्या शिफारशीवर बरीच टीका झाली आणि ती मलाही रुचत नाही. पण बेळगावात बसून हा विषय शिकवायचा आणि मळीमठांचं नाव घ्यायचं नाही, हे कसं चालेल?

नोट्सबद्दल तर बोलूच नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाची शिक्षा कलम 103 मध्ये गेली, आणि नोट्समध्ये अजून तीनशे दोन. झेरॉक्सची झेरॉक्स, पोर्तुगालवरचं पान दोनदा, जर्मनीचं गायब. त्या नोट्सचे वेगळे तीनशे रुपये घेतात. घेऊ नका. वही न्या आणि सरांचं बोलणं उतरवून घ्या, ते शंभर हिश्शांनी बरं.

सिव्हिल जज्जच्या परीक्षेला बसणाऱ्यांना इथं मार्क मिळणार नाहीत, त्यांनी पैसे वाचवावेत. सेशन्सला उलटतपास घेणाऱ्या ज्युनियरनी मात्र जरूर जावं. आपण जो उलटतपास घेतो तो फ्रान्ससारख्या देशात जवळजवळ नसतोच आणि तरी तिथं खटले चालतात, हे एकदा कळलं की प्रश्न जरा विचार करून विचारले जातात. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी बघून घ्या. सरांना मी निघताना सांगितलंय: पुढच्या तुकडीत मळीमठ आणि तीनशे तेराला एक आख्खा रविवार द्या, मी परत अडीच हजार भरून पहिल्या बाकावर बसतो.