सनीडेलची बफी आजही का पाहावी

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही अमेरिकी मालिका मार्च 1997 मध्ये ‘द डब्ल्यूबी’ या वाहिनीवर सुरू झाली आणि मे 2003 मध्ये ‘यूपीएन’ या दुसऱ्या वाहिनीवर संपली. आज ती नव्याने पाहायला घेणाऱ्याला सुरुवातीच्या भागांत तिचे वय जाणवते. राक्षसांचे मुखवटे रबरी दिसतात, आणि पहिली दोन पर्वे 16 मिमी फिल्मवर चित्रित झालेली असल्याने रात्रीची दृश्ये खरखरीत वाटतात. तरीही सात पर्वांची आणि 144 भागांची ही मालिका आपला वेळ पुरेपूर सार्थकी लावते, असे माझे ठाम मत आहे.

कॅलिफोर्नियातल्या सनीडेल या काल्पनिक गावात शाळेच्या ग्रंथालयाखाली नरकाचे दार आहे, आणि तिथे नव्याने दाखल झालेली बफी समर्स ही रक्तपिपासू पिशाच्चांचा संहार करण्यासाठी नियतीने निवडलेली मुलगी आहे. निर्माता जॉस व्हीडन याने या चौकटीत बसवलेली कल्पना साधी आणि भक्कम आहे: पौगंडावस्थेत जे जे जिवावर बेतल्यासारखे वाटते, ते इथे खरोखरच जिवावर बेतते. आपले गेलेले तारुण्य पुन्हा भोगण्यासाठी एक आई मंत्राने मुलीच्या शरीराचा ताबा घेते. वर्गात हात वर करूनही जिच्याकडे ना शिक्षक बघत ना मुले, ती मुलगी हळूहळू अदृश्य होऊन जाते. दुसऱ्या पर्वात तर बफीच्या सतराव्या वाढदिवसाच्या रात्रीनंतर तिचा प्रियकर एंजल, जो स्वतःही पिशाच्च आहे, शापामुळे आत्मा गमावतो आणि तिच्याशी तुच्छतेने बोलू लागतो. शापाचा भाग काढून टाकला, तर हा अनुभव कोणत्याही गावातल्या कोणत्याही मुलीचा असू शकतो, आणि बफीच्या भूमिकेतली सारा मिशेल गेलर त्या प्रसंगात असा अभिनय करते की पिशाच्चाचा विसरच पडतो.

भुताखेतांच्या पुष्कळ मालिकांत एका भागातले संकट पुढच्या भागात कोणाच्या लक्षातही नसते. इथे तसे होत नाही. पात्रे वयाने वाढतात, चुकतात, आणि त्या चुकांचे ओझे पुढच्या पर्वांत वाहतात. सहाव्या पर्वात मृत्यूतून परत आणलेल्या बफीपुढे पहिले मोठे संकट उभे राहते ते पैशांचे. आईच्या आजारपणात शिल्लक संपलेली असते, तळघरातले पाइप फुटलेले असतात, धाकट्या बहिणीची जबाबदारी अंगावर असते, आणि जगाला अनेकदा वाचवलेली ही मुलगी बर्गरच्या दुकानात गणवेश घालून उभी राहते. हे पर्व उदास आहे म्हणून अनेकांना आवडत नाही. मला मात्र ते फार प्रामाणिक वाटते.

पाचव्या पर्वातला ‘द बॉडी’ हा भाग या मालिकेचे शिखर आहे. बफी घरी येते आणि आई सोफ्यावर निश्चल पडलेली दिसते. मृत्यू पूर्णपणे नैसर्गिक आहे: मेंदूतील रक्तवाहिनी फुटलेली असते, आणि मारण्यासाठी समोर कोणीही शत्रू नसतो. या संपूर्ण भागात पार्श्वसंगीत नाही. प्रेक्षकाने कधी रडावे हे सुचवणारे काहीच नसल्यामुळे खोलीतली शांतता असह्य होते. बफीला भेटायला जाताना कोणते कपडे घालावेत हे तिची मैत्रीण विलो हिला ठरवता येत नाही आणि ती ते पुन्हा पुन्हा बदलत राहते. हजार वर्षांहून अधिक जगलेली, एके काळी राक्षसी असलेली अन्या विचारते की बाई आपल्या शरीरात परत का जाऊ शकत नाही, आणि हे कोणीच मला समजावून का सांगत नाही. ज्या घरात असा मृत्यू झाला आहे, तिथल्या माणसांना हे सारे तंतोतंत ओळखीचे वाटेल. मालिकेच्या दीर्घायुष्याचे कारण विचारणाऱ्याला मी हाच भाग दाखवेन, परंतु आधीची चार पर्वे पाहून झाल्यावरच, कारण त्या आईची सवय झाल्याशिवाय तिचे जाणे पुरेसे लागत नाही.

बऱ्याच अंशी मूक असलेला ‘हश’ आणि गाण्यांत बांधलेला ‘वन्स मोअर, विथ फीलिंग’ हे प्रयोगही पाहण्यासारखे आहेत. शाळेचा ग्रंथपाल आणि बफीचा मार्गदर्शक जाइल्स याच्या भूमिकेतला अँथनी स्टुअर्ट हेड तर शिक्षक आणि वडील यांच्या मधली जागा फार हळुवारपणे सांभाळतो.

उणिवा आहेत. चौथ्या पर्वातले सैनिकी प्रयोगशाळेचे कथानक फसलेले आहे. सातव्या पर्वात नव्या मुलींची गर्दी होते आणि जुन्या पात्रांना जागा उरत नाही. याहून गंभीर बाब अशी की, बफीची शाळासोबती कॉर्डेलिया हिची भूमिका करणाऱ्या करिस्मा कारपेंटरने 2021 मध्ये व्हीडनवर सत्तेच्या गैरवापराचे जाहीर आरोप केले आणि इतर कलाकारांनी तिला पाठिंबा दिला. मुलींच्या सामर्थ्याची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेबाबत हे ऐकून मन विषण्ण होते, आणि ते बाजूला ठेवून मालिका पाहावी असे मी म्हणणार नाही. मात्र ही मालिका लेखकांच्या, तंत्रज्ञांच्या आणि या अभिनेत्रींच्याही कष्टांतून उभी राहिली आहे.

शक्य असल्यास ती मूळ चौकोनी चित्रचौकटीतच पाहावी. नंतर तयार झालेल्या रुंद पडद्याच्या आवृत्तीत चित्राच्या कडा बदलल्या आहेत, काही ठिकाणी चित्रीकरणाची साधने दिसतात आणि रात्रीची दृश्ये दिवसासारखी उजळ झाली आहेत. पहिले पर्व 12 भागांचेच आहे. तिथे मन रमले नाही तरी दुसऱ्या पर्वाच्या मध्यापर्यंत धीर धरावा.