जुना रे-बॅन घेताना: तारेचा एव्हिएटर की जाड काळा वेफेअरर?

परवा निपाणीहून भाच्याने दोन गॉगलांचे फोटो पाठवले. खाली प्रश्न: "मामा, दोन्ही अमेरिकेचे जुने रे-बॅन आहेत म्हणतोय, एकाच किमतीला देतोय. कुठला घेऊ?" एक सोनेरी तारेचा एव्हिएटर, दुसरा काळा वेफेअरर. हे दोन्ही माझ्याकडे येऊन गेले आहेत. एक राहिला, एक मी दुसऱ्याला दिला. भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे थोडं सविस्तर लिहितो. बेळगावात कॅम्पातल्या जुन्या घरांतून, आखातात नोकरी केलेल्यांच्या ट्रंकांतून आणि गोव्याकडून बोटीवर गेलेल्या माणसांच्या सामानातून हे दोन प्रकार अजूनही निघतात. घेणारा बहुतेक वेळा या दोहोंतच अडकतो.

दोघांनाही लागू पडणारी एक गोष्ट आधी सांगतो. १९९९ हे वर्ष लक्षात ठेवा. तोवर रे-बॅन अमेरिकेच्या बॉश अँड लोम्बचा होता. रोचेस्टरची ही कंपनी १८५३ पासूनची. १९९९ मध्ये तिने हा धंदा इटलीच्या लक्झॉटिकाला विकला. त्यानंतरच्या गॉगलच्या काडीवर आतून 'आरबी' आणि पुढे चार आकडे असतात. एव्हिएटर असेल तर ३०२५, वेफेअरर असेल तर २१४०. काचेवर बिजागरीजवळ कोरलेली बारीक अक्षरंही 'बीएल'ची (म्हणजे बॉश अँड लोम्ब) 'आरबी' झाली. म्हणजे विकणारा "१९८० चा आहे" म्हणत असेल आणि काडीवर 'आरबी' असेल, तर पुढे काही विचारायचं कारण नाही. तसंच 'सीई' हे युरोपचं चिन्ह दिसलं तर तो १९९० च्या दशकाच्या मध्याआधीचा नसतो. पेटीवरून मात्र काहीच ठरवू नका. तपकिरी चामड्याच्या पेट्या या गॉगलच्या त्या गॉगलला सहज जातात.

आता वेफेअरर. १९५२ मध्ये रेमंड स्टेगमन यांनी त्याची रचना केली. तारेच्या चौकटींच्या जमान्यात प्लॅस्टिकला स्वतःचा आकार देणारा हा गॉगल, आणि हातात घेतला की त्याचा मान राखावासा वाटतो. त्याची चौकट ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या जाड पत्र्यातून कापलेली असते. कडेवरून बोट फिरवलं की साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकपेक्षा ते वेगळं लागतं. अस्सल जुना ओळखायचा तर टेबलावर ठेवून बाजूने बघा. काचा खालच्या बाजूने गालाकडे चांगल्याच कललेल्या दिसतात. २००१ मध्ये लक्झॉटिकाने तो कल कमी केला, आकार लहान केला आणि चौकट साच्यातून काढायला लागले. मूळ घाट २००७ मध्ये परत आला. त्यामुळे नुसता कल बघून भागत नाही, काडीही वाचावी लागते. शिवाय १९८० च्या दशकात वेफेअरर टू नावाचा थोडा लहान भाऊ निघाला होता. तो नकली नव्हे, फक्त वेगळा.

माझा वेफेअरर मला शहापुरातल्या एका ओळखीच्या घरातून मिळाला. काडीच्या आत सोनेरी अक्षरं होती, एका बाजूला कंपनीचं नाव आणि 'यूएसए', दुसऱ्या बाजूला 'वेफेअरर'. बिजागरीजवळ ५०२२, म्हणजे काच पन्नास मिलिमीटर आणि दोन काचांमधलं अंतर बावीस. काचा निर्मळ होत्या, 'बीएल' दोन्हीकडे. मला वाटलं, यापुढे दुसरा गॉगल लागायचा नाही.

तो नाकावरून घसरायचा.

ही तक्रार किरकोळ वाटेल, पण माझा निर्णय तिच्यावरच झाला. वेफेअररला हलणारे नोज पॅड, म्हणजे नाकावर टेकणाऱ्या छोट्या गाद्या, नसतात. नाकावर बसायची जागा चौकटीतच कापलेली असते, ती तुमच्या नाकाला जमली तर जमली. माझ्या नाकाचा पूल, म्हणजे डोळ्यांमधला वरचा भाग, बसका. काच जड, खनिज काच ती. त्यात तो कल असा, की गॉगल जरा खाली आला की काचेची खालची कड गालाला टेकते. स्कूटरवरून खानापूरला निघालो की टिळकवाडी सोडेपर्यंत दोनदा वर सारावा लागायचा. एप्रिलच्या उन्हात घाम आला की विचारायलाच नको. चोर्ला घाटात वळणावर एक हात हँडलवरून काढणं मला बरं वाटेना. चष्मेवाल्याकडे नेला, त्याने काड्या गरम करून कानामागे जास्त वाकवल्या. घसरणं थोडं कमी झालं, पण संध्याकाळी कानामागे दुखायला लागलं. समोरची चौकट मात्र तो वाकवू शकत नव्हता, आणि मीही वाकवू दिली नसती.

दुसरं नुकसान उशिरा ध्यानात आलं. सतत वर सारताना बोट काडीला लागायचं, घाम आतून मुरायचा, आणि दोन उन्हाळ्यांत ती सोनेरी अक्षरं पुसट झाली. 'यूएसए' आज भिंगाखाली तिरपं धरल्यावर दिसतं. म्हणजे ज्या खुणेवरून तो जुना म्हणून घेतला, तीच खूण वापरून गेली. ज्यांच्याकडे तो आता आहे त्यांचं नाक उंच आहे. त्यांना तो इतका शोभतो की मला वाईट वाटत नाही.

एव्हिएटरची गोष्ट वेगळी. १९३७ पासूनचा हा गॉगल मुळात वैमानिकांसाठी. सांबऱ्याला वायुसेनेचं प्रशिक्षण केंद्र असल्याने आपल्याकडे त्याला नेहमीच एक आब राहिला. पण माझ्या मनात भरले ते त्याचे नोज पॅड. चिमट्याने अर्धा मिलिमीटर आत घेतले, की गॉगल पुढचं वर्षभर जिथे ठेवाल तिथे राहतो. जन्माचा दाखलाही या नाकाजवळच असतो. दोन काचांमधल्या पुलावर कंपनीचं नाव धातूत ठोकलेलं असतं, छापलेलं नव्हे. अगदी जुन्यांवर त्याशेजारी '१/१० १२के जीएफ' असं असतं. जीएफ म्हणजे गोल्ड फिल्ड, याचा अर्थ धातूच्या एकूण वजनाच्या एक दशांश इतका बारा कॅरट सोन्याचा पत्रा वर दाबून बसवलेला. आपल्या आजीच्या पिढीतलं रोल गोल्ड म्हणा. विजेने दिलेल्या मुलाम्यापेक्षा तो थर बराच जाड असतो, म्हणून साठ वर्षांचा गॉगलही पिवळाधमक निघतो. नंतरच्या गॉगलांवर नुसता मुलामा आला आणि 'जीएफ' ही अक्षरं गेली. ती दिसली तर गॉगल जुन्या काळातला धरायला हरकत नाही.

काचेबाबत एक सावधगिरी. 'बीएल' नाही म्हणून लगेच नकली म्हणू नका, सुरुवातीच्या काचांवर ते कोरलेलं नसायचं. पण पुलावरचा ठसा नंतरच्या काळातला वाटत असेल आणि काच कोरी असेल, तर काच बदललेली असण्याची शक्यता मोठी. करड्या-हिरव्या काचेला जी-१५ म्हणतात, ती १९५३ पासूनची. पंधरा म्हणजे डोळ्यांपर्यंत येणारा उजेड पंधरा टक्के. बाजारातल्या नकली एव्हिएटरवरही 'यूएसए' असतं, त्यामुळे नखाने टिचकी मारून बघा. खऱ्या काचेचा आवाज आणि गालाला लागणारा गारवा एकदा कळला की विसरत नाही.

एव्हिएटरमध्ये दोष नाहीत असं नाही. पावसाळ्यात नोज पॅडच्या बुडाशी हिरवं चढतं. कल्हई गेलेल्या पितळी भांड्याला जसा कळंक येतो, तसंच. श्रावणात एकदा माझ्या पांढऱ्या रुमालाला डाग पडले होते. पण साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि टूथपिक, एवढ्यावर ते निघतं. चिंच-मीठ मात्र लावू नका. दुसरा दोष मला महागात पडला. एका दुकानात सैल झालेला स्क्रू आवळायला दिला. त्या माणसाने तो एवढा आवळला की काचेच्या कडेचा टवका उडाला. तार बारीक आणि काच कडक, दोघांत द्यायला जागाच नाही. तेव्हापासून स्क्रू मी स्वतः फिरवतो, आणि पाव फेरा कमीच ठेवतो.

ज्यांच्या नाकाचा पूल उंच आहे, ज्यांना गॉगल मुख्यतः चारचाकीत लागतो आणि ज्यांना काळी जाड चौकट मनापासून आवडते, त्यांनी वेफेअरर जरूर बघावा. फक्त घेण्याआधी घालून मान खाली घाला, जमिनीवरची किल्ली उचलावी तशी, आणि दहा आकडे मोजा. हलला नाही तर तो तुमचा. बाकीच्यांना मी तारेचाच घ्या म्हणेन.

भाच्याचं नाक आमच्याच घराण्याचं. म्हणून त्याला म्हटलं, एव्हिएटरच्या पुलाचा पाठीमागून आणि दोन्ही काचांच्या कडांचा जवळून फोटो मागव. रात्री फोटो आले. पुलावरचा ठसा खोल आणि स्वच्छ होता. 'बीएल' उजव्या काचेवर होतं, डाव्या काचेवर नव्हतं. "एक काच बदललीय रे," मी म्हटलं, "गॉगल चांगला आहे, सोडू नकोस. पण तेवढी काच दाखव त्याला, आणि मग भाव कर."