तयार ऑपरेटर, ठेक्याचा माणूस की शिकाऊ?

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सात-आठ माणसांचं मशीन शॉप असेल आणि आणखी एक माणूस घ्यायचा असेल, तर वडोदऱ्यात तीन वाटा आहेत. दुसरीकडे काम करून आलेला तयार ऑपरेटर, ठेकेदाराचा माणूस, किंवा आयटीआयमधून निघालेला शिकाऊ मुलगा. बहुतेक मालक आधी महिन्याचा पगार विचारतात. मी आधी विचारतो की याला शिकवणार कोण, आणि त्या माणसाचे रोजचे किती तास जाणार.

तरी पैशांचा हिशेब करूनच घेऊ. मूळ पगार 15,000 धरा, वर कुठलाही भत्ता नाही. पीएफ लागू असेल तर प्रशासकीय शुल्क आणि विम्यासह मालकाचे 13 टक्के, म्हणजे 1,950. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 3.25 टक्के, म्हणजे 488. ग्रॅच्युइटी वर्षाला 15 दिवसांची, महिन्याचा पगार 26 ने भागून. ती महिन्याला 721 च्या आसपास बसते. म्हणजे 15,000 चा माणूस 18,000 च्या वर पडतो. ईएसआय 10 माणसांवर आणि पीएफ 20 माणसांवर लागू होतो. एकदा लागू झाला की माणसं कमी झाली तरी सुटत नाही. म्हणून नववा-दहावा माणूस घेताना घाई करू नका.

ठेक्याचा माणूस घेतला की हे सगळं टळतं, असा समज मकरपुऱ्यात पक्का आहे. तो चुकीचा आहे. ठेक्याची माणसंही त्या मोजणीत धरतात, आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाला द्यावा लागतो. बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. त्याचं क्रेडिट मिळतं, पण रक्कम तोवर अडकून राहते. ठेक्याची खरी सोय एकच: होळीला दाहोद-पंचमहालची माणसं गावी गेली की पंधरा दिवसांची नड भागते. माल उचलणं, बर (कापल्यावर कडेला राहिलेली धार) काढणं, पॅकिंग यासाठी ठीक. मशीनवर उभा करू नका. आज शिकवलेला माणूस उद्या दुसऱ्याच शेडमध्ये दिसतो.

खरी निवड तयार ऑपरेटर आणि शिकाऊ यांच्यात आहे.

तयार माणूस पहिल्या आठवड्यातच मशीनवरून जॉब, म्हणजे तयार नग, उतरवतो, हा त्याचा मोठा गुण. पण तो आधीच्या शेठकडच्या सवयीही घेऊन येतो, आणि अनुभवाची वर्षं ऐकून त्या कळत नाहीत. मी त्याला एका दिवसाची मजुरी देऊन बोलावतो. साधा शाफ्ट, तीन नग, आणि ड्रॉइंगवरचं एक माप मुद्दाम गाळलेलं. जो येऊन विचारतो, ‘साहेब, इथलं माप राहिलंय,’ तो चालेल. जो अंदाजाने कापतो त्याचा हात कितीही साफ असो, रिजेक्शन त्याच्याकडूनच येणार. मापाचं व्हर्नियर वापरण्याआधी जबडे पुसून शून्य बघतो का, तेही पाहून घ्या.

उचलीचं मात्र ठाम ठरवा. माझ्याकडे एक चांगला टर्नर दिवाळीआधी 20,000 उचल घेऊन गेला आणि लाभपाचमीला शेड उघडली तेव्हा आला नाही. तेव्हापासून पहिले तीन महिने उचल नाही, पण पगार 7 तारखेच्या आत, एकही महिना न चुकता. कायद्याची मुदतही तीच आहे. नोकरी सोडली तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा, हेही कायद्यातच आहे. आणि सोडून गेलेला माणूस बाहेर आपल्याबद्दल काय बोलतो ते यावरच ठरतं.

‘मग वर्षाच्या करारावर घेतो, म्हणजे ग्रॅच्युइटी नको,’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून मुदतीच्या करारावरच्या माणसालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते.

शिकाऊ घेणं 30 माणसांपासून सक्तीचं आहे, 4 ते 29 मध्ये मालकाच्या मर्जीवर. शिकाऊंच्या राष्ट्रीय योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, महिन्याला कमाल 1,500 पर्यंत, सरकार थेट मुलाच्या खात्यात देतं. त्याच्यावर पीएफ-ईएसआय नाही. मुदत संपल्यावर कायम करण्याची सक्तीही नाही, तसं करारात लिहून दिलं नसेल तर. मात्र कामाचे तास आणि सुरक्षिततेचे नियम त्यालाही लागू आहेत, आणि अपघात झाला तर भरपाई तुमच्याकडेच येते. तरसाळीची आयटीआय मकरपुऱ्याजवळच आहे. तिथल्या शिक्षकांना भेटून मुलाबद्दल विचारता येतं, जे तयार ऑपरेटरच्या बाबतीत शक्य नसतं. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये इथे कलाभवन सुरू केलं ते हातांना काम शिकवण्यासाठीच, आणि या शहराच्या कारखानदारीची मुळं तिथवर जातात असं मला मनापासून वाटतं.

अडचण मिस्त्रीची असते. पहिले तीन-चार महिने त्याचा रोजचा तास-दीड तास मुलात जातो, त्याचं उत्पादन घटतं, आणि मालक त्यालाच बोल लावतो. मग मिस्त्री शिकवणं सोडतो आणि मुलगा वर्षभर झाडू मारतो. माझ्या शेडमध्ये हे एकदा झालं, चूक माझी होती. पुढच्या वेळी मिस्त्रीला शिकवण्याचे वेगळे पैसे लावले आणि त्याच्या नगांचं टार्गेट तेवढं कमी केलं. तो मुलगा दहाव्या महिन्यात एकट्याने मशीनचं सेटिंग करू लागला.

तेव्हा ऑर्डर हातात आहे आणि मशीन रिकामं उभं आहे, तर तयार ऑपरेटर घ्या आणि त्याच्या पगारात कंजुषी करू नका. सहा महिने थांबता येत असेल आणि मिस्त्रीला शिकवायची आवड असेल, तर शिकाऊ. मिस्त्री शिकवायला तयार नसेल, तर स्वस्त पडतो म्हणून शिकाऊ घेऊ नका. त्या मुलाचं वर्ष वाया जाईल. आज संध्याकाळी शेड बंद करताना मिस्त्रीला बाजूला बोलावून सरळ विचारा, ‘एक मुलगा दिला तर घडवाल का?’ तो लगेच हो म्हणाला तरी त्याला दोन दिवस विचार करू द्या.