शिकागो व्हाइट सॉक्स: दोन सीझन वापरल्यानंतर

आधी काय घेतलं ते सांगते. एप्रिल २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या दहा मॅचच्या तिकिटांचं पॅक घेतलं. दोन सीटा, वरच्या मजल्यावर, पहिल्या बेसच्या बाजूला. २०२५ ला तेच पुन्हा घेतलं. म्हणजे वीस मॅच मैदानात आणि बाकीच्या जमतील तेवढ्या टीव्हीवर. आता ऑक्टोबर २०२५ आहे, सीझन संपलाय. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण इथे तेही मिळाले नाहीत. २०२४ च्या पहिल्या पंचवीस मॅचमध्ये आमचा संघ तीन जिंकला आणि बावीस हरला.

घेतलं का, तर स्वस्त पडलं म्हणून. आमच्या ओळखीतली मराठी मंडळी नेपरव्हिल-शॉमबर्गकडे, उपनगरांत राहतात. बेसबॉल बघायची हौस आलीच तर ती रिग्ली फील्डला शिकागोच्या दुसऱ्या संघाची, कब्सची, मॅच बघतात, वेलींनी मढलेल्या भिंतीसमोर फोटो काढतात आणि घरी येतात. आमचं मैदान आहे त्या साउथ साइडला, शहराच्या दक्षिण भागात, कोण जातं? माझं ऑफिस डाउनटाउनला आहे. संध्याकाळी सुटल्यावर रेड लाइन पकडायची, तेव्हाच्या अडीच डॉलरमध्ये थेट ३५व्या रस्त्याच्या स्टेशनला उतरायचं, समोर मैदान. त्याचं नाव तेव्हा गॅरंटीड रेट फील्ड होतं, आता नुसतं रेट फील्ड आहे. जुनी माणसं मात्र सॉक्स पार्कच म्हणतात.

त्याच वर्षी मे महिन्यात बाबा वाईहून सहा महिन्यांसाठी आले. दुसरी सीट त्यांची झाली. आधी एसटीत कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक अशी त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे एका जागी बसून काय आलं, काय गेलं, किती वाजता गेलं, याची नोंद ठेवायची सवय हाडीमाशी भिनलेली. त्यांची पहिली मॅच २३ मे २०२४, बॉल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध. शेवटची इनिंग, आम्ही मागे होतो पण भरून काढत काढत ८-६ पर्यंत आलो. दोन रनर बेसवर, एक आउट. लोक उभे राहिले, बाबाही उभे राहिले. आमच्या बेनिनटेंडीने चेंडू उंच उडवला, पण जवळच, इनफिल्डमध्ये. अशा वेळी अंपायर ‘इनफिल्ड फ्लाय’ पुकारतो. मग झेल घेवो वा सुटो, बॅटर आउट. नाहीतर फील्डर मुद्दाम झेल सोडून दोघांना बाद करतील, म्हणून हा नियम. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या बेसवरचा आमचा अँड्र्यू व्हॉन शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरच्या) वाटेत आला असं अंपायरने ठरवलं आणि त्यालाही आउट दिलं. झाले तीन. मॅच खलास.

मी बाबांना हे तीनदा समजावलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे गाडी आत शिरली, फलाटाला लागायच्या आधीच रद्द केली. बरं."

पुढच्या मॅचला मी त्यांना स्कोअरकार्ड आणि पेन्सिल दिली. या पॅकमधली सगळ्यात पैसा वसूल गोष्ट हीच, आणि ती जाहिरातीत कुठेच नसते. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला नंबर असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरच्या मागचा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफिल्डचे तिघे. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, दोघं आउट: चौकटीत लिहायचं ६-४-३. बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला तर इंग्रजी ‘के’, आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर तोच ‘के’ उलटा. बाबा खूश. "अगं, हे तर वेबिल आहे," म्हणाले. टप्पा नंबर, चढले किती, उतरले किती. दोन मॅचनंतर त्यांनी स्कोअरकार्ड विकत घेणं बंद केलं आणि इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या दोनशे पानी वहीत पट्टीने रेघा मारल्या. त्या वहीत उलटे ‘के’ फार आहेत.

ज्यांना फक्त आकडे हवेत त्यांच्यासाठी: २०२४ चा निकाल ४१ विजय, १२१ पराभव. १९०१ पासूनच्या आधुनिक बेसबॉलमध्ये एका सीझनमध्ये इतके पराभव कुणाचेच नाहीत. आधीचा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा होता, १२० पराभवांचा. ते तर त्या वर्षी नव्यानेच जन्माला आलेले. आमचा क्लब १९०१ पासून खेळतोय आणि २००५ चा वर्ल्ड सिरीज विजेता आहे. २०२१ मध्ये, म्हणजे तीनच वर्षं आधी, ९३ मॅच जिंकून गटात पहिला होता. घसरगुंडी म्हणावी तर हिला पायऱ्याही नव्हत्या.

१० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात ओळीने एकवीस हार. आमच्या घरी टीव्हीसमोर बाबा वही घेऊन बसायचे, आणि आठवी इनिंग आली की नवरा स्वयंपाकघरात जायचा. याच दिवसांत, २५ जुलैला, डिलन सीझने नो-हिटर टाकला. पूर्ण मॅचमध्ये समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. फक्त तो सॅन डिएगोच्या जर्सीत होता, कारण आम्ही त्याला मार्चमध्येच देऊन टाकलं होतं. बाबांनी समासात लिहिलं: "आपला जुना ड्रायव्हर. बदली."

६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ ने जिंकून ती माळ तुटली. दोन दिवसांनी मॅनेजर पेद्रो ग्रिफोलला काढलं. हारत असताना ठेवलं आणि जिंकल्यावर काढलं, यावर नवऱ्याचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

एक संध्याकाळ मात्र आयुष्यभर लक्षात राहील. २४ सप्टेंबर २०२४. तोवर १२० पराभव झाले होते, मेट्सशी बरोबरी. त्या रात्री हरलो की इतिहास, म्हणून लोक खास हार बघायला आले होते. "संघ विका" अशा घोषणा मालकाच्या नावाने चालल्या होत्या. आमच्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा, सॉक्सची जुनी टोपी घातलेला, समोरच्या एंजल्सच्या रनला टाळ्या वाजवत होता. बाबांना ते काही झेपेना. "हा आपलाच माणूस ना?" त्यांनी दोनदा विचारलं. आठव्या इनिंगपर्यंत ०-२ ने मागे असलेला संघ त्या रात्री ३-२ ने जिंकला. लोकांना क्षणभर कळेना हसावं की चिडावं. तोच म्हातारा मग सगळ्यात जोरात ओरडला. पुढचे दोन दिवसही जिंकलो, ४-३ आणि ७-०. सव्वाशे वर्षांतला सगळ्यात वाईट संघ अगदी शेवटच्या आठवड्यात घरच्या मैदानावर तीनच्या तीन जिंकतो आणि विक्रम करायला डेट्रॉइटला जातो. २७ तारखेला तिथे १२१वा पराभव झाला.

हे असं का झालं, याचं "नशीब" हे उत्तर मी मानत नाही. नशिबाने माणूस ९० मॅच हरतो, १२१ नाही. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून मालक आहेत. बेसबॉलमध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगसारखी पगाराची कमाल मर्यादा नाही, म्हणजे पैसे खर्च करायला कुणी अडवलेलं नाही. तरी या क्लबने आजवर एका खेळाडूला दिलेला सगळ्यात मोठा करार बेनिनटेंडीचा: पाच वर्षं, साडेसात कोटी डॉलर. गेल्या डिसेंबरात मेट्सने हुआन सोटोला ७६.५ कोटी दिले, यावरून अंदाज करा. मी सोटो मागत नाही. पण शिकागो म्हणजे काही आडगाव नाही.

पैसा नसेल तर पोरं तरी घडवावीत. तिथे आणखी दुखतं. ज्या व्हॉनचा तो इनफिल्ड फ्लाय, तो ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, आमच्या पहिल्या फेरीची निवड. वर्षानुवर्षं इथे चाचपडत राहिला. या जूनमध्ये मिलवॉकीला दिला आणि तिथे जाताच त्याची बॅट बोलायला लागली. माणूस तोच, गाव दीड तासावर. मग गॅरेज कुणाचं बिघडलंय?

तरी दुसऱ्या वर्षी पॅक पुन्हा घेतलं, आणि २०२५ चा अनुभव वेगळा आहे. आकड्यांत फार नाही: ६०-१०२, सलग तिसऱ्यांदा शंभरावर पराभव. पण ऑल-स्टार सुट्टीआधी (निवडक खेळाडूंच्या मॅचसाठीची जुलैतली सुट्टी) ३२-६५ आणि नंतर २८-३७, हे पाहा. दुसऱ्या भागाच्या चालीने पूर्ण सीझन खेळला तर साधारण सत्तर विजय होतात. सत्तर म्हणजे काही भारी नाही. पण एक्केचाळीसच्या तळघरातून बघितलं तर तिसरा मजला आहे.

फरक कुठे पडला? गॅरेट क्रोशे हा आमचा सगळ्यात चांगला पिचर होता. त्याला डिसेंबर २०२४ मध्ये बोस्टनला दिलं तेव्हा मी फोन भिंतीवर आपटायचा बाकी ठेवला. त्याने तिथे या वर्षी २५५ स्ट्राइकआउट घेतले. पण बदल्यात चार पोरं आली. त्यातला काइल टील हा कॅचर जूनमध्ये वर आला आणि आल्यापासून जागा त्याचीच वाटते. चेस माइड्रॉथ छोटा दिसतो, चेंडू सोडायचा कुठला हे त्याला कळतं. त्याच्या नावापुढे उलटा ‘के’ क्वचितच. शेन स्मिथला तर दुसऱ्या संघाने राखीव यादीत ठेवलं नव्हतं, तिथून नियमाने उचलून आणला, आणि तो पहिल्याच वर्षी ऑल-स्टार झाला. त्यामुळे क्रोशेचा व्यवहार बरोबर होता, असं आता माझं मत आहे. नवऱ्याला हे मी अजून तोंडाने सांगितलेलं नाही.

आणि कोल्सन मॉन्टगोमेरी. हा शॉर्टस्टॉप एप्रिलमध्ये खालच्या लीगमध्ये इतका चुकत होता की त्याला खेळवायचं थांबवून ॲरिझोनाला नुसती बॅटिंग सुधारायला पाठवलं. ४ जुलैला तो मेजर लीगमध्ये आला आणि उरलेल्या ७१ मॅचमध्ये २१ होम रन मारले. सॉक्स पार्कात होम रन झाला की स्कोअरबोर्डवरची प्रचंड भिरभिरी गरगर फिरतात आणि मागे फटाके फुटतात. २०२४ मध्ये ती गंजली असतील असं आम्ही म्हणायचो. ऑगस्टमध्ये आमच्या मॅचला ती फिरली तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर वाईला दाखवली. तिथे पहाट होती. बाबा म्हणाले, "दिसलं. आता फोन खाली ठेव, मॅच बघ."

मॉन्टगोमेरीचं उदाहरण मला व्हॉनच्या उदाहरणापेक्षा ताजं आहे म्हणून मी त्याला जास्त वजन देते. चुकत असेन. दोन पोरं सुधारली म्हणजे गॅरेज सुधारलं असं होत नाही.

ड्राफ्टचं गाऱ्हाणं राहिलंच. सगळ्यात वाईट संघाला पुढच्या वर्षी सगळ्यात आधी निवडायला मिळेल असं सरळ मनाच्या माणसाला वाटतं. तसं नाही. मोठ्या शहराच्या, महसूल वाटून देणाऱ्या संघाला सलग दोन वर्षं लॉटरीतली, म्हणजे सोडतीने ठरणारी पहिल्या काही क्रमांकांची, निवड मिळत नाही. आम्हाला २०२४ मध्ये पाचवी मिळाली होती, म्हणून १२१ पराभवांनंतर थेट दहावी. हा नियम मुद्दाम हरणाऱ्यांसाठी आहे. आम्ही मुद्दाम हरत नव्हतो, मनापासून हरत होतो. येत्या डिसेंबरच्या लॉटरीत मात्र आम्ही पात्र आहोत.

मालकीचंही हलतंय. जूनमध्ये करार जाहीर झाला: जस्टिन इश्बिया यांच्याकडे क्लब हळूहळू जाईल, पण राइन्सडॉर्फना विकायचा पर्याय २०२९ ते २०३३ मध्ये. इश्बिया स्वतःहून मागू शकतात ते २०३४ च्या सीझननंतर. म्हणजे माझी पाचवीतली मुलगी नोकरीला लागेल तोवर.

किरकोळ: मैदानातलं मक्याचं एलोते जरूर खा, दाणे काढून देतात, लिंबू आणि तिखट जास्त मागा. या वर्षी आमच्या केबलवर मॅचचं चॅनेल कित्येक आठवडे नव्हतं, फोन करून दमले. तेव्हा टीव्हीच्या भरवशावर हे घेणार असाल तर आधी खात्री करा. मे महिन्यात पोप झालेले लिओ चौदावे आमच्याच संघाचे फॅन निघाले. २००५ च्या वर्ल्ड सिरीजला ते जिथे बसले होते तिथे, सेक्शन १४० ला, आता त्यांचं चित्र आहे. त्यानंतरही आम्ही हरलो, पण जरा आदराने हरलो.

कुणी घ्यावं? पहिल्यांदा बेसबॉल बघणाऱ्याने जरूर, कारण गर्दी नाही, सीट जवळची मिळते आणि शेजारी बसलेला माणूस नियम समजावायला रिकामा असतो. मुलांना विजय दाखवायला नेणार असाल तर पिचर कोण आहे ते बघून दिवस निवडा. माझ्याकडून पाचपैकी अडीच तारे. २०२४ ला एक दिला असता, आणि तोही बाबांच्या वहीला.

नूतनीकरणाचा मेल आलाय. दहाऐवजी पाच मॅचचं पॅक घेईन म्हणते. संध्याकाळची मॅच ६:४० ला सुरू होते तेव्हा वाईत पहाटेचे ५:१० झालेले असतात. बाबांना तशीही त्याच वेळेला जाग येते. ढोल्या गणपतीला जायच्या आधी ते दोन-तीन इनिंग ऐकतात आणि उरलेलं मी व्हॉट्सॲपवर पाठवते. काल फोनवर पाच म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दहाच घे. वहीत पानं शिल्लक आहेत."