लिनक्स मिंट आठ महिने वापरल्यावर, आणि मे महिन्यातला तो काळा पडदा

नागपूरच्या महाल भागात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटर 2014चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, आठ जीबी रॅम, नंतर बसवलेली एसएसडी. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ती या मशीनमध्ये नाही. धडधाकट मशीन भंगारात काढायचं जिवावर आलं, म्हणून दिवाळीनंतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 22 ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतली. तिला 2029 पर्यंत अपडेट आहेत. तेवढे दिवस हा बोर्ड टिकला तरी पुष्कळ.

रोजच्या कामात तक्रारीला फारशी जागा नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी पहिल्या दिवसापासून सुरू झालं. वर्डमध्ये केलेले मोठे तक्ते मात्र मिंटमधल्या लिब्रे ऑफिसमध्ये सरकतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला मी पीडीएफच मागतो.

आता मे महिन्यातली गोष्ट. अपडेट सुरू होतं आणि समोर प्रबंधवाला पोरगा, "काका, आजच प्रिंट पाहिजे जी." मध्येच लाल रंगात काहीतरी चूक दिसली. न वाचताच खिडकी बंद केली. जेवून आलो, मशीन सुरू केलं, तर काळा पडदा आणि खाली "कर्नल पॅनिक... अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (0,0)". कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा.

नागपुरात मे महिन्यात काहीही बिघडलं की दोष उन्हाचा. मीही कूलर मशीनकडे वळवला, रॅम काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासले. फरक शून्य. बर्डीवरच्या मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला, "आणून टाका, फॉरमॅट मारून देतो." फॉरमॅट म्हटलं की मला घाम फुटतो, उन्हाळा असो नसो.

मग भाच्याने फोनवरून सांगितलं: मशीन सुरू होताना बोर्डाचा लोगो गेला की लगेच एस्केप एकदाच दाबायचं. मी घाबरून चार-पाचदा दाबलं, तर मेनूऐवजी नुसतं "ग्रब" (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) लिहिलेली ओळ आली. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा मेनू आला. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि तिथे जुन्या कर्नलांची यादी. त्यातला एक जुना निवडला आणि डेस्कटॉप जसाच्या तसा समोर! प्रबंधही जागच्या जागी.

कारण नंतर कळलं. मिंट टाकून देणाऱ्याने बूटसाठी, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींसाठी, डिस्कवर फक्त 500 एमबीचा वेगळा कप्पा केला होता. दर नव्या कर्नलसोबत इनिटआरडी नावाची एक मोठी फाइल त्यात येऊन बसते आणि जुन्या आपणहून जात नाहीत. कप्पा 100 टक्के भरला, नव्या कर्नलची ही फाइल तयारच झाली नाही, आणि तिच्याशिवाय त्याला एसएसडीवरचा मुख्य कप्पा सापडेना. म्हणजे ज्यांनी जागा खाल्ली त्याच जुन्या कर्नलांनी मला आत घेतलं.

अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून लिनक्स कर्नल्स उघडून सगळ्यात जुने दोन काढले, चालू असलेल्याला हात लावला नाही. मग टर्मिनलमध्ये भाच्याने सांगितलेल्या आज्ञेने अर्धवट राहिलेलं कॉन्फिगरेशन पूर्ण केलं, तेव्हा ती फाइल बनली. पुन्हा चालू केलं तर नव्या कर्नलवर सरळ उघडलं. सगळा प्रकार पाऊण तासाचा, त्यातला अर्धा वेळ खोडरबराचा.

अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशन नावाचं पान आहे. तिथे जुने कर्नल आपोआप काढण्याचं बटण असतं, पण माझ्याकडे ते आधीपासून बंदच होतं. दुकानदारासारख्या माणसाला हे कुठून कळणार? मिंटवर माझा खरा राग एवढाच. सिस्टिमची प्रत ठेवणारं टाइमशिफ्टही त्याच आठवड्यात सुरू केलं, दर रविवारी रात्री एक प्रत घेतो. त्यात घरच्या फाइली आपोआप येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी पेनड्राइव्ह ठेवली आहे.

काल पाहिलं, बूटचा कप्पा 48 टक्क्यांवर आहे. लाल अक्षरं आता वाचतो, गिऱ्हाइकाला म्हणतो, "दोन मिनिटं थांब बाबू."