सियामीज सांगून चायनीज गळ्यात मारले! शेवाळासाठी मासे घेणाऱ्यांनो, वाचा

माशांच्या टाकीतल्या अनुबियास या झाडाच्या पानांवर काळं केसाळ शेवाळ चढलं की ते खाणारे मासे मोजकेच. त्यात पहिलं नाव सियामीज अल्गी ईटरचं. त्या नावाखाली काय काय खपवतात हे टाकी ठेवणाऱ्यांना मी सांगायला नको. तरी मला गाठलंच.

8 मासे, 160 रुपयांना एक. पॅकिंग-कुरिअर 350. एकूण 1,630 रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयने. त्याआधी विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक मासा तोंडाने काचेला घट्ट चिकटून बसलेला. तिथेच कळायला हवं होतं! खऱ्या सियामीजला असं चिकटणारं तोंडच नसतं, तो पानावर-दगडावर परांच्या आधाराने टेकतो. मला खटकलं, मी विचारलंही. म्हणाला, "ताई, पिल्लं असताना सगळेच चिकटतात." विचारल्यावर कोणी तोंडावर खोटं बोलत असेल तर गिऱ्हाइकाने करायचं काय? दोन इंचांचं पिल्लू, हलता व्हिडिओ, त्यात अंगावरचा काळा पट्टा कसा तपासणार?

आले ते चायनीज अल्गी ईटर. लहान असेपर्यंत शेवाळ खातात, खरं आहे. मोठे झाले की चपट्या माशांच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर ओरबाडतात. माझ्या तिन्ही चपट्या एंजल माशांच्या कुशीवर लालसर चट्टे पडले आणि तिन्ही गेले. 450 ला एक, म्हणजे आणखी 1,350. एकंदर 2,980 रुपये.

चौकीत गेले तर साहेब म्हणतात, "मासे जिवंत पोचले ना? मग फसवणूक कसली?" शेजारचा हवालदार हसला. बँकेत सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. तक्रार नोंदवायला फोन केला तर बाईंनी विचारलं, पक्कं बिल आहे का? माशांचं पक्कं बिल कोण देतं हो? रक्कम लहान म्हणून चोरी लहान होते का? अशांना हेच तर हवं असतं, तीन हजारांसाठी कोणी कोर्टात जात नाही.

खऱ्या सियामीजचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो, पर पारदर्शक असतात. परांना काळी-पांढरी किनार दिसली तर तो फ्लाइंग फॉक्स, म्हणजे दुसराच मासा. आगाऊ पैसे देऊ नका. काचेवरच्या हिरव्या डागांसाठी नेराइट गोगलगाय घ्या, गोड्या पाण्यात तिची पैदास वाढत नाही. "सकर" म्हणून मिळणारा प्लेको फूटभर होतो, दोन फुटी टाकीत घालू नका. आणि नको झालेला मासा तळ्यात तर अजिबात सोडू नका.

त्याचा नंबर अजून चालू आहे. परवा तोच व्हिडिओ पुन्हा टाकला होता, भाव आता 180.