५७ फुटी नॅरोबोट, अठरा महिने आणि स्टर्न ग्लँडचा थेंब

आमच्या नॅरोबोटीसाठी (इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवरची लांबट बोट) बोटयार्डाचं, म्हणजे बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्याचं, कोटेशन हातात पडलं म्हणून हे लिहायला घेतलं. त्यात प्रोपेलरचा नवा शाफ्ट, जुनी ग्लँड काढून ड्रिपलेस (थेंब न पडू देणारं) सील आणि बोट पाण्याबाहेर काढायचं वेगळं भाडं असं सगळं धरलं होतं. कारण एका ओळीत दिलेलं: स्टर्न ग्लँड, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जोडणी, गळते. प्रत्यक्षात दोष होता तो वाळून कडक झालेल्या पॅकिंगचा (ग्लँडमधल्या दोरीचा) आणि एका बाजूला दबलेल्या इंजिन माउंटचा (इंजिनाखालच्या रबरी आधाराचा). दोन्ही कामं बोट पाण्यातच ठेवून एका शनिवारी झाली, आणि सामानाला दोघांच्या पबमधल्या एका जेवणाएवढेही पैसे लागले नाहीत. इंग्लंडच्या कालव्यांवर बोट घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींनी असं कोटेशन सहीला येण्याआधी ग्लँड नीट समजून घ्यावी.

बोटीबद्दल थोडक्यात. सेमी-ट्रॅड (मागच्या डेकचा एक प्रकार), ३८ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, स्किन टँक कूलिंग (बोटीच्या पत्र्यातून इंजिन थंड करणारी टाकी), पत्र्याची जाडी तळ १० मिमी, बाजू ६ मिमी, केबिन ४ मिमी. ५७ फूट लांबीचा निर्णय अठरा महिन्यांनंतरही बरोबर वाटतो. मिडलँड्सच्या सात फुटी लॉकमध्ये (बोट वर-खाली नेणारी दरवाज्यांची कुंडी) ६ फूट १० इंच रुंदीची बोट बसते हे सगळ्यांना माहीत असतं; पण लांबीमुळे अडणारे कालवेही आहेत, आणि ६० फुटांच्या मोहात पडलेल्यांना काल्डर अँड हेबल कालव्याच्या आखूड लॉकपाशी ते कळतं. ५७ फुटी बोट जवळजवळ सगळीकडे जाते.

आता ग्लँड. शेतावरच्या सेंट्रीफ्यूगल पंपाची ग्लँड दोरी ज्यांनी बदलली आहे त्यांना वेगळं काही शिकायला नको, तत्त्व तेच. प्रोपेलरचा शाफ्ट बोटीच्या मागच्या नळीतून बाहेर जातो. तिथून पाणी आत येऊ नये म्हणून शाफ्टभोवती एका पेटीत ग्रॅफाइट किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) लावलेल्या दोरीच्या तीन-चार कड्या असतात, हेच पॅकिंग, आणि दोन नट आवळून त्यांच्यावर दाब देतात. नळीत पितळी ग्रीसरमधून (हाताने फिरवायच्या ग्रीसच्या डबीतून) पाण्यात न विरघळणारं ग्रीस जातं. इंजिन चालू असताना मिनिटाला एक-दोन थेंब पडायलाच हवेत, कारण त्या पाण्यानेच पॅकिंग थंड राहतं. इंजिन बंद करून ग्रीसर फिरवला की थेंब थांबला पाहिजे.

पहिल्या तीन महिन्यांत माझं मत उलटं होतं. ग्लँड कोरडी ठणठणीत हवी असं वाटायचं, आणि थेंब दिसला की नट अर्धा फेरा आवळला जायचा. मत चुकीचं होतं आणि नुकसान करणारं होतं. जास्त आवळलं की दोरी शाफ्टवर घासते, तापते, तिच्यातलं ग्रीस जळतं आणि ती लाकडासारखी कडक होते. मग आणखी आवळावं लागतं. हेच चालू राहिलं तर शेवटी शाफ्टवर गोल चर पडतात. एकदा चर पडले की नवी दोरीही टिकत नाही आणि तेव्हा मात्र यार्डाचं कोटेशन खरं ठरतं. आमच्या शाफ्टवर नखाला लागेल असा चर नव्हता. नख फिरवून बघणं ही तपासणी कोणालाही जमते आणि ती यार्डाने केलेली नव्हती, याचा राग अजून आहे.

पॅकिंग बदलायची रीत अशी. दोरीची जाडी दुकानदाराला विचारून घेऊ नका, मोजा: पेटीच्या भोकाच्या व्यासातून शाफ्टचा व्यास वजा करायचा आणि उत्तराला दोनने भागायचं. एका मापाने जाड दोरी ठोकून बसवली तर ती तापते, बारीक असली तर कितीही आवळा, गळते. दोरी शाफ्टएवढ्याच व्यासाच्या नळीवर गुंडाळून धारदार ब्लेडने एकाच वेळी सगळ्या कड्या कापा, म्हणजे लांबी सारखी येते. जुन्या कड्या काढण्याआधी ग्रीसर दाबून नळी ग्रीसने भरून घ्या. पाणी तरीही येतं, पण धार न लागता ओघळ येतो. बिल्ज पंप (बोटीच्या तळाचं पाणी उपसणारा) चालू आणि बादली हाताशी असू द्या. जुन्या कड्या स्क्रूसारखं टोक असलेल्या काढणीने ओढायच्या आणि सगळ्या निघाल्या का ते मोजायचं. तळाशी राहिलेली एक जुनी कडी हे नवं पॅकिंग महिन्याभरात गळण्याचं नेहमीचं कारण असतं. नव्या कड्या एकेक करून आत सारा, प्रत्येकीचा सांधा आधीच्या सांध्यापासून एक तृतीयांश फेरा सरकवून. सगळे सांधे एका रेषेत आले तर पाण्याला सरळ वाट मिळते.

नट आधी फक्त हाताने बसवा. मग दोन्ही सारखे, षटकोनाची एकेक बाजू सरकवत आवळा. ग्लँड तिरकी बसली तर एका बाजूने शाफ्टला घासते. बोट बांधलेलीच ठेवून दहा मिनिटं गिअरमध्ये चालवा, मग इंजिन बंद करून पेटीवर हात ठेवा. हात सहज टेकवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर नट सैल करा, मग थेंब वाढले तरी चालेल. खरी परीक्षा लांब बोगद्यात होते. ग्रँड युनियन कालव्यावरचा ब्लिसवर्थ बोगदा ३,०७६ यार्ड, म्हणजे सुमारे २.८ किलोमीटर आहे. त्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ शाफ्ट न थांबता फिरतो. बोगद्यातून बाहेर येऊन बोट बांधली की आधी इंजिन बंद करा आणि मगच ग्लँडवरची डेकची फळी उचलून पेटीला हात लावा. फिरत्या शाफ्टजवळ हात, बाही, केस काहीही जाता कामा नये.

सगळ्या जुन्या कड्या काढूनही नवं पॅकिंग महिन्याभरात गळत असेल तर दोष दोरीचा नाही. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, रबर वर्षानुवर्षं दबतं आणि इंजिन खाली बसतं. मग शाफ्ट वाकड्या रेषेत फिरून पॅकिंगला एका बाजूने खात राहतो. कपलिंगचे (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याचे) बोल्ट काढून त्याच्या दोन फ्लँजमधली (समोरासमोरच्या गोल चकत्यांमधली) फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, चारही बाजूंना मोजायची. फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचामागे एक-हजारांश इंच फरक चालतो. चार इंची फ्लँजला चार-हजारांश, म्हणजे जेमतेम ०.१ मिमी. आमच्याकडे फरक त्याच्या कितीतरी पट होता. हे माप बोट पाण्यात असतानाच घ्यायचं. बाहेर ठोकळ्यांवर ठेवल्यावर सांगाडा थोडा बदलतो आणि तिथलं माप पाण्यात खरं राहत नाही. ग्लँडसाठी बोट पाण्याबाहेर काढायला निघालेल्या यार्डाला हाच एक प्रश्न विचारावा: अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का ते) कुठे मोजणार?

एवढ्याशा थेंबाचा एवढा प्रपंच का, तर हिशेब करून बघा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर, महिन्याला १३० लिटर. दोन महिने मरीनात (बोटी उभ्या करायच्या धक्क्यावर) बोट सोडून गावाला गेलात तर बोटीच्या शेपटात पाव टन पाणी. मागची बाजू खाली बसते, मग एरवी पाण्याच्या वर असणारी एखादी भोकं पाण्याखाली जातात आणि पुढचं काम तासाभरात होतं. हे टाळणारा बिल्ज पंप बॅटरीवर चालतो. त्याची वायर मेन आयसोलेटर स्विचच्या (बोटीची सगळी वीज तोडणाऱ्या स्विचच्या) पुढून घेतलेली असेल तर स्विच बंद करून घरी जाताना पंपही बंद होतो. आमच्या बोटीत तसंच होतं. पंप स्वतंत्र फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडला. फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप सुरू करणारा) हाताने उचलून महिन्यातून एकदा तपासायचा. इंजिनखालचं तेलकट पाणी आणि ग्लँडचं पाणी मध्ये पत्रा घालून वेगळं ठेवायचं, नाहीतर पंप तेल कालव्यात सोडतो. ग्लँडखाली तेल शोषणारं पॅड ठेवलं तर ग्रीसही त्यात अडकतं.

एक गोष्ट आपल्याच लोकांना कळकळीने सांगायची आहे. साऊथॉल, अल्पर्टन आणि स्लाऊच्या पट्ट्यात कालव्यात नारळ, हार आणि कापड तरंगताना दिसतं. कालवा म्हणजे गोदावरी नव्हे. त्याला प्रवाह नाही, टाकलेलं तिथेच कुजतं. कापड किंवा ओढणी प्रोपेलरला गुंडाळली की शाफ्ट थरथरत फिरतो आणि महिनाभराचं पॅकिंग दोन तासांत खराब होतं. ते काढायला वीड हॅच (प्रोपेलरच्या वरचं झाकणाचं भोक) उघडून थंड पाण्यात खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. आधी इंजिन बंद आणि चावी खिशात. काम झाल्यावर झाकण पुरतं आवळल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, कारण उघड्या हॅचमधून प्रोपेलर पाणी थेट आत फेकतो. निर्माल्य घरच्या कुंडीत घाला, नारळ फोडून प्रसाद करा.

ड्रिपलेस सीलबद्दल सहा महिन्यांपूर्वी मी सरसकट नको म्हणत होतो. आता तेवढं ठाम मत नाही. जी बोट वर्षातले दहा महिने मरीनात एकटी पडून असते तिला ते सील योग्य आहे, कारण ग्रीसर फिरवायला तिथे कोणी नसतं. पण त्याचा रबरी ओठ झिजला की शाफ्ट कपलिंगमधून सोडवावा लागतो. एका जागी चौदा दिवसांहून जास्त न थांबता सतत फिरणाऱ्या बोटीला दोरी आणि ग्रीसच बरं. कुठल्याही वळणावर पाना आणि हातभर दोरी एवढ्यावर काम भागतं.

कालव्याच्या काठचे पब या सगळ्यात कुठे येतात, तर रोजच्या क्रमात. बोट बांधायची, इंजिन बंद, ग्रीसर हाताला जोर लागेपर्यंत फिरवायचा, फळी उचलून थेंब थांबला का बघायचं, मगच पबकडे. चार मिनिटं लागतात. पब कितीही जवळ असला तरी हा क्रम सोडायचा नाही, कारण दोन पाइंट झाल्यावर परत येऊन कोणी फळी उचलत नाही. आणि रात्री आठ ते सकाळी आठ इतर बोटींजवळ इंजिन चालवता येत नाही, म्हणून बॅटरी भरायची तीही आधीच.

स्टोक ब्रुअर्नला वरच्या लॉकपाशी बोट इन आणि समोर कालव्यांचं म्युझियम आहे. संध्याकाळी जागा भरते, दुपारी तीनच्या आत पोचा. ब्रॉन्स्टनचा ॲडमिरल नेल्सन लॉकला अगदी लागून आहे. डिव्हायझेसला केन हिलचे २९ लॉक, त्यातले १६ एका सरळ रांगेत. वर चढताना शेवटच्या टप्प्यात ब्लॅक हॉर्स येतो, पण तिथे पोचेपर्यंत अर्धा दिवसाहून जास्त गेलेला असतो, म्हणून जेवणाची वेळ आधी फोन करून विचारा. अनेक पबची स्वयंपाकघरं दुपारी अडीचला बंद होतात ती सहालाच उघडतात. ऑर्डर बारवर जाऊन, टेबलाचा नंबर सांगून द्यायची. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं की पुष्कळ कास्क एल (पिंपातून देतात ती पारंपरिक बिअर) माशाच्या वाताशयापासून केलेल्या आयझिंग्लासने नितळ करतात. व्हेगन किंवा अनफाइंड (आयझिंग्लास न घातलेली) एल मागितली की बहुतेक ठिकाणी सांगतात. कास्क एल ११ ते १३ अंशांना देतात, तिला गार नाही म्हणून परत करू नका.

बाकीचं पटकन. कॅसेट टॉयलेट (काढून रिकामी करता येणारी टाकी असलेलं) दोघांना दोन-तीन दिवस पुरतं, तीन कॅसेट ठेवा. पंप-आउटपेक्षा (यार्डात पंपाने रिकाम्या करायच्या मोठ्या टाकीपेक्षा) स्वस्त, आणि कालवा गोठला तरी कॅसेट हाताने नेता येते. गॅस प्रोपेनचाच घ्या, ब्युटेन शून्य अंशाजवळ बाष्प होत नाही. प्रेशर कुकर असला तर १३ किलोची बाटली बरीच लांबते. लेड-ॲसिड बॅटऱ्या विश्रांतीनंतर १२.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. स्टोव्हच्या बोटीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागीही हवा.

सध्या नवं पॅकिंग होऊन चार महिने झाले आहेत. चालू असताना मिनिटाला दोन थेंब, बंद असताना शून्य. नट एकदाच एक बाजू सरकवला आहे. पुढच्या ब्लॅकिंगला (तळाला काळा संरक्षक रंग द्यायला) बोट बाहेर निघेल तेव्हा प्रोपेलर हाताने वर-खाली हलवून मागच्या बेअरिंगची ढील बघायची आहे. ती जास्त असेल तर शाफ्ट तेव्हाच काढून घेता येईल.